हाडाची राखण

माझा अभ्यास जुन्या वाटांचा. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून घाटमाथ्याकडे चढणाऱ्या वाटा, त्यांवरची पाण्याची टाकी, वैशाखऱ्याच्या अंगाने नाणेघाटाकडे जाणारी चढण, यांच्या नोंदी मी शेणव्यात राहून गेली पंचवीस वर्षे करतो आहे. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. जे शिकलो ते ग्रंथालयांत बसून, जाणत्यांना पत्रे लिहून आणि पायपीट करून. दात, हिरड्या आणि जबड्याचे हाड हा विषय मी आपण होऊन कधी हाती घेतला नसता. तो माझ्याच तोंडातून निघाला.

तेरा वर्षांपूर्वी मी खालच्या डाव्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेतले. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्याच्यावर एक जोड आणि जोडावर कॅप. हे काम रेल्वेच्या वाटेवरच्या एका शहरात झाले. दोन वर्षांनी तो दवाखाना तिथून उठला. दाढ उत्तम चालत होती, तांदळाची भाकरी आणि सुका बोंबील दोन्ही चावत होतो, म्हणून मीही चौकशी केली नाही. गेल्या पावसाळ्यात ब्रशला रक्त दिसू लागले. दुखत काहीच नव्हते. शहापूरला एका दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी एक्स-रे काढला, बारीक खुणा असलेली सळई हिरडीच्या कडेने घालून खोली मोजली आणि विचारले, “काका, हा कोणत्या कंपनीचा स्क्रू? बसवला तेव्हाचा एक्स-रे आहे का?”

माझ्याकडे काहीच नव्हते. मी विचारले, “हाड किती गेलंय?”

“आज किती आहे ते सांगते. पण किती गेलं ते कशावरून सांगू? आधी किती होतं, ते कुणी लिहून ठेवलंय?”

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद शोधले त्याच्यापाशी स्वतःच्या जबड्याचा एक कागद नव्हता. घरी येईपर्यंत हा प्रश्न डोक्यात घोळत राहिला आणि त्यातून पुढचे सारे वाचन झाले. इम्प्लांटचा इतिहास सहसा धातूचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो वाचताना राखणीचा आणि नोंदीचा इतिहास वाटला. तो इथे मांडतो.

खोबणीची साक्ष

आधी हाडाचे समजून घेऊ. जबड्याच्या ज्या कडेत दात रुतलेले असतात ती हाडाची कड दातासाठीच असते. ज्याला जन्मतः दात येतच नाहीत त्याच्या जबड्यावर ती कड नीट उभीच राहत नाही, आणि दात पडला की ती विरघळू लागते. हाडाला काम लागते. बर्लिनचे शल्यवैद्य ज्युलिअस वोल्फ यांनी १८९२ मध्ये याचा सिद्धान्तच मांडला: ज्या हाडावर जसा भार येतो तशी त्याची घडण बदलते. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटते आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, असे मोजमाप आता उपलब्ध आहे. मी दाढ काढल्यावर दोन वर्षे जागा तशीच ठेवली होती. त्या दोन वर्षांत काय गेले असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

हाडाची ही सवय पुरातत्त्वाच्या फार उपयोगी पडते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांची नावे या कामाशी कायमची जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. लहान मुले दगावली की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना पावले घोट्यापासून तोडलेली असत. या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाच आणि डॉ. सुभाष वाळिंबे यांनी केला. त्याचा स्वतंत्र खंड १९८६ मध्ये निघाला. पुढे याच दोघांनी लहानग्यांच्या दुधाच्या सुळ्यांवर उमटलेल्या खुणांवरून, हवामान आणि अन्न बदलले तेव्हा शरीरांवर कोणता ताण आला, हे वाचून दाखवले.

सांगाड्यातल्या जबड्याला दात नसला तर अभ्यासक पहिला प्रश्न विचारतो तो खोबणीला. खोबण रिकामी पण कडा धारदार असतील, तर दात माणूस गेल्यानंतर मातीत निखळला. कडा गोल होऊन खोबण भरून आली असेल, तर दात जिवंतपणीच पडला आणि माणूस त्यानंतर काही काळ जगला. खोबणीभोवतीचे हाड खाली सरकून मुळे उघडी पडली असतील, तर हिरडीचा जुना रोग. म्हणजे आपण काय खाल्ले, काय सोसले, कशाची हयगय केली, हे सारे हाड स्वतःच लिहून ठेवते. मात्र ते वाचायला दुसरी नोंद लागते. कोणता सांगाडा, कोणत्या थरातला, कोणत्या घराखालचा, हे लिहिलेले नसेल तर तीन हजार वर्षांचे हाडही मुके. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पूर्वी पाहिलेले दफन मला त्या दिवशी आठवले. त्या माणसांच्या हाडांना क्रमांक होते. माझ्या हाडाला नव्हता.

खैर, कात आणि मिश्री

हिरडीभोवतीचे दुखणे आपल्याकडे किती जुने ओळखीचे, याचा पुरावा सुश्रुतसंहितेत आहे. तोंडाचे ६५ रोग सांगताना सुश्रुताने दातांचे ८ आणि दातांच्या मुळांशी होणारे, म्हणजे हिरडीचे, १५ असे वेगळे केले. दातांपेक्षा हिरडीचे रोग जवळजवळ दुप्पट. त्यांतल्या ‘शीताद’ या रोगात हिरडीतून एकाएकी रक्त येते आणि ती काळवंडून कुजते. ‘दंतवेष्ट’ या रोगात पू आणि रक्त वाहते आणि दात हलू लागतात. आजचा दाताचा डॉक्टर ही लक्षणे वाचून लगेच मान डोलावेल. दात घासायच्या काड्या सांगताना याच ग्रंथात कडू चवीत निंब, तुरट चवीत खैर, गोड चवीत मोह आणि तिखट चवीत करंज श्रेष्ठ मानला आहे. ही चारही झाडे शेणव्याच्या आसपास आजही आहेत. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात सकाळी करंजाची नाहीतर निंबाची काडी असे, नाहीतर चुलीपाशी राखुंडी ठेवलेली असे.

खैराचे नाते तर याहून जवळचे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणारे ते कातकरी. एका अख्ख्या जमातीला जे नाव मिळाले ते विड्यात पडणाऱ्या आणि हिरडी आवळून धरणाऱ्या पदार्थावरून. इंग्रजी अंमलात जंगलांवर सरकारी बंधने आली, खैर तोडणे अवघड झाले आणि कातकऱ्यांचा हा धंदा गेला. कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर त्यांच्या पिढ्या राबल्या. ज्यांच्या हातून साऱ्या मुलखाला कात मिळाला त्यांच्याच वस्त्यांवर आज तोंडाची तपासणी सगळ्यात उशिरा पोचते.

याच्या उलट दिशेची गोष्ट तंबाखूची. पोर्तुगीजांबरोबर ती आली आणि आधी दख्खनेत रुजली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग हा अकबराचा वकील विजापूरहून परतताना तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन गेला आणि बादशहाला तो नवा प्रकार दाखवला. म्हणजे उत्तरेच्या दरबारात तंबाखू गेली ती दख्खनच्या वाटेने. आमच्या घरांत ती मिश्री होऊन बसली. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची आणि डबीत भरून सकाळ-दुपार-संध्याकाळ हिरडीला चोळायची. दात घासणे हे निमित्त, चटक खरी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा शोध तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याच्या आधीच्या चट्ट्यांचा होता. एवढ्या माणसांच्या तोंडात डोकावून ते लिहून ठेवण्याचे हे काम महाराष्ट्राच्या खेड्यांत झाले, याचा आपल्याला फारसा पत्ता नसतो.

माझी आई मिश्री लावायची. “हिरडी घट्ट ऱ्हाते रे,” असे म्हणायची. पन्नाशीच्या आत तिचे दात एकेक करून हलले आणि पडले. कीड एकालाही नव्हती. पुढे तिला एका शिबिरात कवळी मिळाली. वरची बसली. खालची दोन-तीन वर्षांत डळमळू लागली, मग ती स्टीलच्या डब्यात गेली आणि लग्नकार्यापुरती बाहेर निघू लागली. कवळी वाईट केली, असेच आम्ही समजत होतो. अँटये टालग्रेन या संशोधक बाईंचा १९७२ चा अभ्यास वाचला तेव्हा चूक उमगली. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचे एक्स-रे त्यांनी पंचवीस वर्षे पुन:पुन्हा काढले. हाडाची झीज त्या साऱ्या काळात थांबली नाही आणि खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट निघाली. कवळी हिरडीवर टेकते. हाडाला दातासारखे काम देत नाही. आईच्या डब्यातली कवळी जशीच्या तशी होती. तिच्याखालचे हाड निघून गेले होते.

सशाचे हाड

दाताच्या जागी हाडात काहीतरी रोवायची धडपडही जुनीच. होंडुरासमध्ये १९३१ मध्ये पोपेनो दांपत्याला माया लोकांच्या काळातला एक खालचा जबडा सापडला. त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे दातासारखे घडवलेले तुकडे होते. मेल्यावर शोभेसाठी बसवले असतील, असेच पुष्कळ दिवस मानले गेले. १९७० च्या सुमारास ब्राझीलच्या अमाडेओ बोबियो यांनी त्याचे एक्स-रे काढले तेव्हा दोन तुकड्यांभोवती हाड वाढलेले दिसले. म्हणजे तो माणूस हे दात घेऊन जगला होता. इथेही साक्ष दिली ती हाडाने, आणि जबडा कुणीतरी जपून ठेवला होता म्हणून ती चाळीस वर्षांनी ऐकता आली.

आजच्या इम्प्लांटची सुरुवात मात्र दातांपासून झालीच नाही. स्वीडनमध्ये लुंड इथे १९५२ मध्ये पेर-इंगवार ब्रानेमार्क हे हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमच्या चौकटीत भिंग बसवून ती सशाच्या पायाच्या हाडात बसवली. प्रयोग संपल्यावर महागाचे उपकरण परत काढायला गेले तर ते निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. लाकडात वाढत गेलेल्या खिळ्यासारखे. पुढे या मिलनाला ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव मिळाले. आपण अस्थिसंयोग म्हणू. १९६५ मध्ये गोथेनबर्ग इथे योस्टा लार्सन या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात ब्रानेमार्क यांनी चार टायटॅनियम स्क्रू बसवले. जन्मतःच जबड्यात व्यंग असलेला हा माणूस २००६ मध्ये वारला, तोवर चाळीस वर्षे ते स्क्रू त्याच्या तोंडात काम करत होते. स्वीडनमधल्याच दंतवैद्यांचा प्रदीर्घ काळ यावर विश्वास बसला नाही. १९८२ मध्ये टोरंटो इथे भरलेल्या परिषदेत जगाने हे तंत्र स्वीकारले.

ते स्वीकारले कशामुळे? केवळ स्क्रू घट्ट बसतो म्हणून नव्हे. ब्रानेमार्क यांच्या गटाने १९८१ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब छापला. ३७१ रुग्ण, ४१० जबडे, २,७६८ स्क्रू. प्रत्येकाभोवतीचे हाड दरसाल किती उतरले, हे त्यांनी मोजले होते. स्क्रू बसल्यापासून पहिल्या वर्षाअखेर सरासरी दीड मिलिमीटर हाड उतरले आणि त्यानंतर वर्षाला केवळ ०.१ मिलिमीटर. या हिशेबाने वीस वर्षांत साडेतीन मिलिमीटरही होत नाहीत. १९८६ मध्ये अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशाची व्याख्या बांधली तेव्हा पहिल्या वर्षानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी झीज, ही अट त्यात घातली. नखाच्या जाडीहूनही कमी असलेला हा आकडा डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. तो कळतो दोन एक्स-रे शेजारी ठेवल्यावर. पहिला एक्स-रे नसेल तर दुसरा निरुपयोगी नव्हे, पण अर्धा मुका.

जुने एक्स-रे जपल्याने काय हाती लागते याचे आणखी एक उदाहरण मला फार आवडले. १९९१ च्या सुमारास एका कंपनीने रुंद स्क्रू बाजारात आणले, पण त्यांच्या मापाचे जोड तयार नव्हते. दंतवैद्यांनी नेहमीचे अरुंद जोडच त्यांवर बसवले. निव्वळ अडचण म्हणून केलेली ही तडजोड. पुढे काही वर्षांनी एक्स-रे चाळताना दिसले, की अशा ठिकाणी स्क्रूच्या तोंडाशी हाड अपेक्षेपेक्षा चांगले टिकले आहे. स्क्रू आणि जोड यांच्या सांध्याशी जिवाणू साठतात. तो सांधा हाडाच्या कडेपासून आत सरकल्याने हाडाला उसंत मिळाली, असा त्याचा अर्थ लावला गेला. लझारा आणि पोर्टर यांनी २००६ मध्ये हे मांडले. आज अनेक स्क्रू मुद्दाम याच घडणीचे असतात.

बारा जण आणि ४८० मजूर

मग इतके सारे ठीक असताना हाड जाते कशाने? याचे उत्तर इम्प्लांटच्या आधी नैसर्गिक दातांवर शोधले गेले. डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो यांनी १९६५ मध्ये एक साधा प्रयोग केला. बारा निरोगी जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर हिरड्या पूर्ववत झाल्या. दातावर रोज साचणारा जिवाणूंचा चिकट थर हेच मूळ, हे त्यातून सिद्ध झाले. १९९४ मध्ये हाच प्रयोग इम्प्लांट असलेल्या माणसांवर झाला आणि निकाल तोच आला. धातूला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते.

ल्यो यांचे दुसरे काम मला जास्त जवळचे वाटले. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० तमिळ मजुरांची त्यांनी १९७० पासून पंधरा वर्षे वेळोवेळी तपासणी केली. ही माणसे ब्रश वापरत नव्हती आणि त्यांना दाताचा डॉक्टर ठाऊक नव्हता. हिरडी साऱ्यांचीच सुजलेली, दातांवर कीटण साऱ्यांच्याच. तरी १९८६ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत ८ टक्के लोकांचे हाड झपाट्याने गेले होते, ८१ टक्क्यांचे मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांचे सुजेपलीकडे काहीच बिघडले नव्हते. “आमच्या आज्यानं कधी ब्रश धरला नाय, तरी मरेतो दात शाबूत,” असे गावोगाव ऐकू येते. तो आजा खोटा नव्हे. तो त्या अकरा टक्क्यांतला. बाकीचे कुणाच्या आठवणीत राहत नाहीत.

इम्प्लांटची राखण दातापेक्षाही कठीण असते. दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते. ती चावताना धक्का झेलते, आणि हिरडीचे तंतू मुळात आडवे शिरून जिवाणूंची वाट अडवतात. स्क्रूभोवती ही गादी नाही आणि हिरडीचे तंतू त्याला समांतर उभे असतात. दात आजारी पडला की हलतो. माणूस सावध होतो. स्क्रू हाडात खाली थोडा जरी घट्ट असला तरी हलत नाही. दुखतही नाही. नुसती हिरडी सुजलेली असते तोवर सारे परत फिरवता येते. हाड उतरू लागले की ते परत मिळवणे फार अवघड. म्हणून ब्रशला दिसलेले रक्त हा या दुखण्यातला जवळजवळ एकमेव आवाज. तंबाखू, काबूत नसलेला मधुमेह, पूर्वी हिरडीच्या रोगाने गेलेले दात आणि कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेले सिमेंट, ही या वाटेवरची ठरलेली संकटे.

हे किती जणांना होते? स्वीडनमध्ये सरकारी विम्याच्या नोंदींतून २००३ च्या सुमारास इम्प्लांट बसवलेली माणसे निवडून नऊ वर्षांनी सुमारे सहाशे जणांना तपासले. २०१६ मध्ये निकाल आला: ४५ टक्क्यांत सूज आणि हाडाची थोडीफार झीज सापडली, आणि १४.५ टक्क्यांत दोन मिलिमीटरहून जास्त. ज्या देशात हे तंत्र जन्मले, जिथे प्रत्येकाचा कागद शाबूत, तिथली ही स्थिती. दुसरा अभ्यास ब्राझीलचा, २०१२ चा. इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजलेल्या ८० जणांकडे पाच वर्षांनी पुन्हा पाहिले. जे नियमाने तपासणी आणि सफाईसाठी येत राहिले, त्यांच्यापैकी १८ टक्क्यांत रोग हाडापर्यंत पोचला. जे आले नाहीत, त्यांच्यापैकी ४३.९ टक्क्यांत. रोग एकच, फरक येण्याजाण्याचा.

पत्र्याची पेटी

हा शेवटचा आकडा वाचून मी पुस्तक मिटले आणि शेणव्याचा विचार केला. येण्याजाण्याचा फरक आमच्याइतका कुणाला कळणार? आमच्याकडची माणसे इम्प्लांट बसवायला बाहेरगावी जातात. कुणाचा मुलगा मुंबईला कामाला असतो, कुणी जमीन विकलेली असते, कुणी दागिना मोडलेला असतो. स्क्रू बसवून माणूस गावी येतो आणि काम झाले असे समजतो. खरे तर त्या दिवशी ते सुरू झालेले असते. सहा महिन्यांनी परत जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी, शहापूरपर्यंतची गाडी, आसनगावहून लोकल. आणि दुखत तर काहीच नसते. भात पोटरीत आल्यावर राखणीला माळ्यावर बसतो तो शेतकरी रानडुक्कर दिसल्यावर बसत नाही, आधीपासून बसतो. एवढे शहाणपण शेतात असलेली माणसे तोंडाच्या बाबतीत दुखण्याची वाट पाहतात, कारण राखायचे आहे हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. मलाही नव्हते सांगितले. सांगितले असेल तर मी ऐकले नव्हते.

शहापूरच्या डॉक्टरांनी माझ्या हिरडीखालचे साठलेले साफ केले. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश कसा फिरवायचा ते आरसा हातात देऊन शिकवले. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ठरवलेल्या व्याख्यांत माझ्यासारख्यांचीही सोय आहे, असे त्यांनीच सांगितले. जुना एक्स-रे नसेल, हिरडीतून रक्त येत असेल, सळई सहा मिलिमीटर किंवा अधिक आत जात असेल आणि हाड तीन मिलिमीटर किंवा अधिक खाली असेल, तर रोग हाडात शिरला असे धरायचे. माझे माप त्या रेषेच्या थोडे अलीकडे होते. “आजचा एक्स-रे हा तुमचा पहिला समजा,” त्या म्हणाल्या आणि त्याची एक प्रत माझ्या हाती दिली.

सहा महिन्यांनी परत गेलो. नवा एक्स-रे जुन्याशेजारी पडद्यावर लावून त्यांनी स्क्रूची आटी मोजली. हाड पहिल्याच आटीशी होते. रक्त थांबले होते. तेरा वर्षांत माझ्या जबड्यातल्या दोन तारखा पहिल्यांदाच एकमेकींशी ताडून पाहता आल्या.

आमच्याकडे घरोघर एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात सातबारा, फेरफार, रेशनकार्ड, आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचे जुने पिवळे कागद असतात. घराला आग लागली तर म्हातारी आधी ती पेटी बाहेर काढील. हल्ली गावात किंवा किन्हवलीकडे कुणी इम्प्लांट बसवल्याचे कळले, की मी जाऊन एवढेच सांगतो: स्क्रू कोणत्या कंपनीचा, किती लांबी-रुंदीचा, कुठल्या तारखेला बसवला, हे डॉक्टरांकडून कागदावर मागून घ्या. कॅप बसली त्या दिवशीचा एक्स-रे आणि हिरडीची मापे घ्या. दवाखाना उठेल, डॉक्टर गाव बदलतील, कंपनीही बंद पडेल. स्क्रू तुमच्या तोंडातच राहणार आहे. वर्षातून दोनदा तो कागद घेऊन कुणाकडेही जा. आणि मिश्रीची डबी घरातून काढा.

माझ्या पेटीत आता सातबाऱ्याखाली दोन एक्स-रे आहेत. तिसरा कार्तिकात काढायचा आहे. त्याच पेटीच्या तळाशी स्टीलचा एक डबा आहे. त्यात आईची खालची कवळी आहे. तिच्यावर तारीख नव्हती. आईच्या सांगण्यावरून आठवून आठवून एक साल काढले आणि चिठ्ठीवर लिहून त्या डब्यात ठेवले आहे.